पाच साबूत कांड्या

माझं डोकं गरम आहे हे अख्ख्या यज्द शहराला ठाऊक आहे. आमच्या प्रयोगशाळेत नवीन माणूस आला की त्याला आधी चहाचा समोवार कुठे आहे ते दाखवतात आणि मग हळूच सांगतात, तूरान खानूम, म्हणजे तूरानबाई, करवतीवर असली की तिच्या वाटेला जाऊ नका. बरोबरच सांगतात. बावीस वर्षं मी दगड मोडते, ते काही गोडीगुलाबीने मोडत नाहीत.

काम तसं साधं आहे. खाणींतून, बोगद्यांतून, धरणांच्या जागांवरून लाकडी पेट्या येतात. पेटीत जमिनीत गिरमिट घालून काढलेल्या दगडाच्या लांबच लांब कांड्या असतात, मनगटाएवढ्या जाड. हिऱ्याच्या करवतीने त्यांचे वीतभर तुकडे करायचे, दोन्ही टोकं घासून सपाट करायची, दाबयंत्राच्या दोन तबकड्यांमध्ये तुकडा उभा ठेवायचा आणि फुटेपर्यंत दाब वाढवत न्यायचा. ज्या घटकेला फुटला त्या घटकेचा आकडा वहीत लिहायचा. असे पाच तुकडे मोडले की सरासरी काढायची, खाली सही करायची. सही माझी. वर प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर वहीदी यांचा शिक्का, पण सही माझी.

आणि जे तुकडे करवतीतच तुटतात, घासताना दुभंगतात, ते बादलीत. बादलीतल्यांना आकडा नसतो. जो दाबयंत्रापर्यंत पोचलाच नाही त्याची ताकद काय लिहिणार? मला ज्यांनी शिकवलं त्यांनी कधी लिहिली नाही, म्हणून मीही लिहिली नाही. कागदावर जागा पाचच तुकड्यांना आहे आणि ते पाच साबूत हवेत, असा नियम.

त्या पाचांसाठीच तर माझं नाव झालं. दगडात पांढऱ्या शिरा असतात. कधीकाळी दगड तडकलेला असतो, त्या भेगेत चुन्याचं पाणी शिरून घट्ट झालेलं असतं, ती ही शीर. कांडी हातात घेऊन दोनदा फिरवली की मला कळतं कुठली शीर कुठून कुठे निघालीय. दोन शिरांमधली वीतभर निर्मळ जागा हेरायची आणि नेमकी तिथे करवत लावायची. तेहरानहून आलेले लोकही म्हणून गेलेत की तूरान खानूम हलव्यातूनसुद्धा पाच साबूत कांड्या काढून देईल. मी वरवर म्हणायचे, छे हो, तुमची कृपा. आतून फुगायचे.

या वसंतात जस्ताच्या खाणीतून एक पेटी आली. त्या खाणीत माझा धाकटा भाऊ कियूमर्स पाळीचा मुकादम आहे, म्हणून मी जरा जास्तच मन लावून बसले. पेटी बघायला देखणी. काळाकुळकुळीत दगड, कांड्या सलग, एकही तुटलेली नाही. पण करवत लावली की टक्. शिरेवर दोन तुकडे. पुन्हा लावली, पुन्हा टक्. चार दिवस मी त्या पेटीशी भांडत होते. एकतीस वेळा करवत लावली तेव्हा कुठे पाच साबूत मिळाले. सव्वीस बादलीत गेले. पाचांची सरासरी आली चौरस सेंटीमीटरला अकराशे किलो. डॉक्टर वहीदी स्वतः खाली आले आणि म्हणाले, "तुमचे हात सलामत राहोत, खानूम. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं." खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस त्या कौतुकावर तरंगत होते.

गुरुवारी दुपारी कियूमर्सचा फोन आला. तो मला आबजी म्हणतो, म्हणजे ताई.

"आबजी! मिठाई पाठव, मिठाई!"

"कशाची रे? तुला तिसरी मुलगी झाली का?"

"तोंड गोड कर की जरा. अगं, तुझा अकराशे! आमचा रस्तगार साहेब नाचायचाच बाकी आहे. आता खांब बारीक करायचे. सहा मीटरचे चार मीटर. शनिवारी सकाळी सगळी पाळी त्याच कामाला."

खाणीत वरचं छत धरायला ते खनिजाचेच खांब सोडतात. जितका खांब जाड, तितकं जस्त त्याच्या पोटात अडकून राहतं. म्हणून ते खांब साहेब लोकांच्या डोळ्यांत सलत असतात. हे मला माहीत होतं. पण माझा आकडा नेमका त्या खांबांच्या मुळावर जाऊन बसतो, हे बावीस वर्षांत मी कधी धड विचारलंच नव्हतं. माझं काम आकड्यापर्यंत. पुढचं शिकलेले लोक बघतात.

माझी नजर बादलीकडे गेली. ती अजून रिकामी केलेली नव्हती. काठोकाठ भरली होती.

"कियूमर्स, ऐक. कापू नका."

"काय?"

"खांब कापू नका म्हणतेय. तो दगड चांगला नाही."

तो हसायला लागला. "अगं, तूच तर म्हणालीस चांगला आहे! मी सगळ्यांना सांगितलंय, हा आकडा माझ्या बहिणीच्या हातचा आहे, डोळे मिटून कापा. तुझा आकडा कधी चुकलाय का?"

"गाढवा, मी पाच निवडून काढले! सव्वीस तुटले!"

"मग तुटलेले कशाला मोजायचे? बरं, ठेवतो, साहेब बोलावतोय. मिठाईचं विसरू नको."

त्याने फोन ठेवला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी बादली उचलली आणि तशीच जिना चढून डॉक्टर वहीदींच्या टेबलावर नेऊन आदळली. त्यांचा चहा सांडला. ते सभ्य गृहस्थ, त्यांनी आधी मला बसायला सांगितलं, मग चहा विचारला, मग साखर पुढे केली. समोर आग लागली असली तरी हा माणूस आधी साखर पुढे करेल.

"डॉक्टर, जस्ताच्या खाणीचा अहवाल परत मागवा."

"का बरं? किती सुंदर अहवाल आहे."

"अहवाल सुंदर आहे, दगड नाही. हे बघा. सव्वीस. करवतीचा धक्कासुद्धा सोसला नाही यांनी. यांचा आकडा कुठे आहे त्या अहवालात?"

"खानूम, नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. नमुना साबूत हवा."

"नमुना साबूत आहे. खांब साबूत आहे का?"

त्यांनी कागद काढला. "जागेवरच्या भूगर्भतज्ज्ञाने लिहिलंय, कांड्या सलग निघाल्या, खडक एकसंध."

"सलग निघणारच! शिरा भरलेल्या आहेत ना. पेटीत सलग दिसतात आणि हात लावला की तुटतात. त्याने पेटी बघितली, मी करवत लावली. तुम्ही दोघांचं लिहिलेलं घेतलंत आणि दोघांच्या मधलं जे होतं ते या बादलीत राहिलं."

"लहान तुकड्यापेक्षा मोठा खांब कमकुवत असतो हे आम्ही धरतोच. त्याचं सूत्र आहे."

"त्या सूत्रात काय घातलंत?"

"तुमचा अकराशे."

"मग झालं तर!"

"मग काय घालायचं, खानूम? बादली घालायची?"

"हो! बादली घाला!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हाला शंका होती, तर सही का केलीत?"

मला वाटलं होतं या माणसाला चांगलं फैलावर घेईन. पण पकडली गेले मीच. शंका नव्हतीच मला. चार दिवस मी दगड तुटताना बघत होते आणि माझ्या मनात एकच होतं, की पाच मिळाले पाहिजेत, नाहीतर तूरानचं नाव जाईल. दगड जीव तोडून सांगत होता आणि मी त्याला गप्प बसवत होते. इतकी वर्षं लोक माझ्या ज्या हातांचं कौतुक करत होते, ते हातच खोटं बोलत होते. मी बादली उचलली आणि खाली आले. राग आता कुणाकुणावर काढायचा याची यादीच संपत नव्हती, आणि यादीत पहिलं नाव माझं होतं.

शुक्रवारी सुट्टी. रस्तगार साहेबाला मी अकरा फोन केले, त्या महाभागाने एकही उचलला नाही. कियूमर्सचा फोन लागेना; त्याच्या बायकोने सांगितलं, ते खाणीवरच राहिलेत. शनिवारी उजाडताच मी प्रयोगशाळेत गेले, उरलेल्या कांड्यांची पेटी आणि ती बादली गाडीत टाकली. पहारेकरी म्हणाला, "खानूम, चिठ्ठी?" मी म्हटलं, "चिठ्ठी डॉक्टरांच्या चहात बुडाली." त्याने दार उघडलं.

दोन तास वाळवंटातून गाडी हाकली. खाणीच्या तोंडाशी पाळीची माणसं उकिडवी बसून पाव आणि चीज खात होती, चहा चालला होता. रस्तगार साहेब पांढरं शिरस्त्राण घालून मधोमध उभा होता. मला बघून कियूमर्स उठला. "आबजी? इथे? आईला काही झालं?"

"आईला काही नाही झालं. तुला होणार आहे. पेटी उतरव."

रस्तगारने ओळख विचारली. कियूमर्सने छाती पुढे काढून सांगितलं, "साहेब, हीच ती. अकराशेवाली." माणसांनी माना डोलावल्या, एका म्हाताऱ्याने माझ्यासाठी जागा करून चहासुद्धा पुढे केला. त्या आदराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चहा नको, हाजी. साहेब, या पेटीतल्या कांड्या तुमच्याच खाणीच्या. तुम्हीच चार निवडा. मी हात लावत नाही. निवडा आणि कमरेएवढ्या उंचीवरून त्या खनिजगाड्यांच्या रुळावर टाका."

"हा काय तमाशा?"

"तमाशा तुम्ही मांडलाय. टाका."

माणसं बघत होती, म्हणून त्याने टाकली. पहिली कांडी रुळावर ठणकन वाजली आणि बाजूला घरंगळली. साबूत. दुसरीही साबूत. कुणीतरी खिदळलं. तिसरीसुद्धा नुसती वाजली. कियूमर्स माझ्या कानाशी म्हणाला, "आबजी, शोभा होतेय, चल." चौथी टाकली आणि ती रुळाला लागताच शिरेवर तिचे दोन तुकडे झाले, मधला भाग दुधासारखा पांढरा.

रस्तगार हसला. "चारातल्या तीन टिकल्या, खानूम. वाईट काय आहे?"

"खाली खांब किती?"

"एकोणीस."

"चारात एक तुटतो. मग एकोणिसात चार-पाच तरी गेले. आता या माणसांना सांगा ते कोणते. नंबर सांगा. त्या खांबांखाली कुणी जाऊ नये, बाकीच्यांखाली जावं."

रस्तगारने घसा साफ केला. "हे काही शास्त्र नव्हे. रुळावर दगड आपटून खांबाची ताकद कळत नाही. माझ्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल आहे. अकराशे. त्यावर तुमचीच सही आहे."

"ती सही खोटी आहे."

"म्हणजे कुणी दुसऱ्याने केली?"

"मीच केली. मी एकतीस तुकडे कापले, सव्वीस हातात तुटले, ते मी फेकले. पाच उरले त्यांचा आकडा तुम्हाला दिला. तुमच्या खाणीतले सगळ्यात चांगले पाच दगड मी मोजले, आणि तुम्ही सगळी खाण तशी आहे असं धरलंत." मी बादली त्यांच्या पुढ्यात पालथी केली. "हे बाकीचे. मोजा. मी निवडून काढले. मला वाटायचं, यालाच हुशारी म्हणतात."

बोलून झालं तेव्हा माझे गाल जळत होते. चहा देणाऱ्या म्हाताऱ्याने पुढे होऊन एक तुकडा उचलला, दोन्ही हातांत धरून नुसता पिळला, आणि तो शिरेवर सुटला. म्हाताऱ्याने शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवलं. मग एकेकाने ठेवलं. रस्तगार ओरडला, धमक्या दिल्या, कुणाला तरी फोन लावला, पण तोही बादलीतल्या दगडांकडे बघायचं टाळत होता. मला वाटलं, चला, वेळेत पोचले.

तेवढ्यात कियूमर्स म्हणाला, "आबजी, दोन झाले."

"काय दोन झाले?"

"खांब. सात आणि आठ. गुरुवारी दुपारी साहेब म्हणाले, करून तर बघू."

"मी फोनवर कापू नका म्हटल्यावर?"

त्याने मान खाली घातली. मी त्याच्या दंडावर एक ठेवून दिली, सगळ्यांसमोर. चाळीस वर्षांचा बाप्या, दंड चोळत राहिला. "ते दोन बसले तर त्यांचा भार शेजारच्यांवर जाणार," तो म्हणाला. "मग त्यांच्या शेजारच्यांवर. सगळं छत जाईल. आजच्या आज लाकडी ठोकळ्यांचे टेकू रचायला हवेत. ठोकळे आतच आहेत, पन्नास पावलांवर."

कुणी जागचं हललं नाही, आणि ते बरोबरच होतं. कियूमर्सने आपलं शिरस्त्राण डोक्यावर घट्ट बसवलं. "मीच जातो. मीच सगळ्यांना डोळे मिटून कापा म्हणालो होतो. फक्त एक सांग, आबजी. किती वेळ आहे माझ्याकडे? एक तास? दोन? तुझा काय तो आकडा सांग."

परक्या माणसांना, कधी न पाहिलेल्या खाणींना मी बावीस वर्षं आकडे दिले. माझ्या सख्ख्या भावाने तोंड उघडून आकडा मागितला तेव्हा माझ्याजवळ एकही नव्हता. लोखंड वाकतं, लाकूड कुरकुरतं. दगड शेवटच्या क्षणापर्यंत नीट उभा असतो.

"मला माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेसुद्धा माहीत नाही. दहा मिनिटं असतील नाहीतर दहा वर्षं."

"छान," तो म्हणाला आणि वळला.

मी म्हाताऱ्याचं जमिनीवर ठेवलेलं शिरस्त्राण उचललं आणि डोक्यावर घातलं. रस्तगार आडवा आला. "बायकांना आत सोडत नाहीत. खाणीला चालत नाही."

"बावीस वर्षं माझा आकडा खाणींत जातोय," मी म्हटलं. "तेव्हा कुणी नाही विचारलं तो बाईचा आहे का. बाजूला व्हा, नाहीतर हीच बादली डोक्यात घालीन."

तो बाजूला झाला.

आत गारवा होता आणि सुरुंगाच्या ओल्या दारूचा वास. कियूमर्स पुढे चालत मला शिव्या घालत होता, भिंतीला धरून चाल, वर बघू नको, मूर्ख बाई, आईला काय सांगू. मीही त्याला उलट घालत होते. सात नंबरपाशी त्याने दिवा वर धरला. नुकताच तासलेला खांब, काळा, ओलसर, आणि त्याच्या अंगावर पांढऱ्या शिराच शिरा. एक तर माझ्या दंडाएवढी, वरच्या कोपऱ्यातून तिरपी खाली उतरलेली. मी जन्मभर दोन शिरांमधली वीतभर जागा शोधत आले. इथे वीतभर जागा नव्हती. हा खांब माझ्या करवतीखाली आला असता तर याचा बोटभर तुकडासुद्धा मी वर पाठवला नसता, सगळा बादलीत टाकला असता.

"बोल," कियूमर्स ठोकळा खांद्यावर घेऊन म्हणाला. "कुठे?"

मी हाताने शीर चाचपत खाली गेले. ती खालच्या डाव्या कोपऱ्यात बाहेर पडत होती. तो कोपरा सुटला तर वरचा सगळा भाग त्या शिरेवरून घसरणार, असं मला वाटलं. वाटलं, एवढंच.

"इथे."

त्याने एक शब्द न विचारता ठोकळा तिथे टेकवला. गुरुवारी याच विश्वासाने त्याने खांब कापले होते. आज सगळं ऐकूनही तो माझ्या बोटाकडेच बघत होता, आणि मला त्या क्षणी त्याचा जेवढा राग आला तेवढा ना रस्तगारचा आला होता, ना डॉक्टरचा.

"नक्की इथेच ना, आबजी?"

"नक्की नाही," मी म्हटलं. "लाव."